"आता आराम करा" म्हणजे नक्की काय करा?

मागच्या वर्षी आई-बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते, टोकियोला, निशी-कासाईत. बाबा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालेत, म्हणजे उभा जन्म स्टँडवर "फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी" करण्यात गेला, त्यामुळे कुठेही चार गाड्या ओळीत लागलेल्या दिसल्या की त्यांचा पाय आपोआप अडतो. दुसऱ्याच दिवशी स्टेशनजवळच्या सायकल पार्किंगपाशी अडला. तिथे एक आजोबा होते, पंचाहत्तरच्या पुढचेच असणार, अंगात हिरवट जॅकेट, डोक्यावर कापडी टोपी, हातात पांढरे मोजे, आणि लोकांनी ऑफिसच्या घाईत कशाही घुसवलेल्या सायकली ते एकेक करून सरळ करत होते, सगळी हँडलं एका बाजूला, मागचं चाक पांढऱ्या रेषेवर, आणि मध्येच कुणी सायकल लावून पळायला लागलं की "इत्तेराश्शाई", म्हणजे जाऊन ये बाळा टाइप. बाबा पाच मिनिटं बघत उभे. मग हळूच मला म्हणाले, "घरचं कुणी बघत नाही का रे ह्यांना?"

मी लगेच ज्ञान दिलं. म्हटलं बाबा हे जपान आहे, इथे म्हातारी माणसं स्वतःला बिझी ठेवतात, म्हणून तर शंभर वर्षं जगतात. बाबा काही बोलले नाहीत. मलाच दिवसभर वाटत राहिलं की आपण आत्ता जे बोललो ते व्हॉट्सअ‍ॅपवरनं उचललेलं आहे आणि त्यात बाबांच्या प्रश्नाचं उत्तर कुठेच नाहीये.

तुम्हालाही आलाच असेल तो फॉरवर्ड. इकिगाई, चार वर्तुळं, मधोमध "जगण्याचं कारण", मागे फुजी पर्वत. गंमत म्हणजे ते चार वर्तुळांचं चित्र जपानी नाहीच, एका इंग्रजी ब्लॉगरने २०१४ मध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी डायग्रॅमच्या मधोमध इकिगाई हा शब्द चिकटवला आणि ते जगभर फिरलं. इथल्या म्हाताऱ्यांना दाखवलं तर ते शांतपणे हसतात. त्यांच्याकडे हा शब्द खूप साध्या गोष्टीला वापरतात, नातवंडं, बाग, पहाटेची मासेमारी. आता ह्यावर अभ्यास झालेत हे खरं, तोहोकू युनिव्हर्सिटीच्या लोकांनी ओसाकी भागातल्या ४३ हजारांहून जास्त लोकांना सरळ विचारलं की तुम्हाला इकिगाई आहे का, आणि पुढची सात वर्षं कोण गेलं कोण राहिलं ते बघितलं, तर "नाही" म्हणणाऱ्यांचं मरणाचं प्रमाण साधारण दीडपट निघालं. पण जो आधीच आजारी आहे, बेकार आहे, एकटा आहे तोच "नाही" म्हणण्याची शक्यता जास्त ना? संशोधकांनी हे सगळं जमेस धरायचा प्रयत्न केलाय, फॉरवर्डवाले मात्र फक्त दीडपट तेवढं उचलतात.

तर सायकलवाले आजोबा. ते ज्या सिस्टिममधून तिथे उभे होते तिचं नाव सिल्व्हर जिन्झाई सेंटर, म्हणजे ज्येष्ठांचं मनुष्यबळ केंद्र, आणि योगायोग बघा, ह्या प्रकारची देशातली पहिली संस्था १९७५ मध्ये सुरू झाली ती आमच्याच एदोगावा वॉर्डात. हो, तोच एदोगावा, जिथे भारतीयांची आणि त्यात आपल्या मराठी मंडळींची एवढी वस्ती आहे आणि जिथून २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक वॉर्डाच्या सभेवर निवडून गेले. आम्ही सगळे रोज त्याच पार्किंगमध्ये सायकल लावतो आणि हे कुणालाच माहीत नसतं, मलाही बाबांच्या त्या प्रश्नानंतर शोधाशोध केली तेव्हा कळलं. ह्या कल्पनेमागे काझुओ ओकोची नावाचे अर्थशास्त्रज्ञ होते, टोकियो विद्यापीठाचे माजी कुलगुरू. पुढे १९८६ च्या कायद्याने त्याला देशभर मान्यता मिळाली आणि आज जवळपास १३०० सेंटर्स आणि ७ लाखांच्या आसपास मेंबर आहेत. साठी झाली की नाव नोंदवायचं. कामं कुठली, तर पार्कातलं गवत काढणं, झाडं छाटणं, दारांचे कागद बदलणं, म्हणजे ते शोजी असतात ना लाकडी चौकटीला पांढरा कागद लावलेले, ते फाटले की नवीन चिकटवून देणं, सुंदर अक्षर असेल तर पाकिटांवर पत्ते लिहिणं, शाळेचं आवार झाडणं, आणि सायकल पार्किंग. महिन्याला साधारण दहा दिवस, आठवड्याला वीस तास, त्याच्या वर सहसा नाही. मिळणाऱ्या पैशाला पगार म्हणत नाहीत, "हाइबुनकिन" म्हणतात, म्हणजे वाटणीचे पैसे, आणि ते महिन्याला तीस-चाळीस हजार येनच्या घरात जातात. त्यावर इथे घर चालत नाही. नातवाला स्केटबोर्ड येतो आणि मित्रांबरोबर महिन्यातून दोनदा बसता येतं.

एदोगावात तर "म्हातारा" हा शब्दच सरकारी कागदावर टाळतात, "जुकुनेन" म्हणतात, पिकलेलं वय. आपल्याकडे पिकलं पान म्हटलं की पुढचा शब्द गळणं असतो, इथे पिकलं म्हणजे खायला तयार.

हे सगळं मी बाबांना सांगितलं तर त्यांना पैशांत आणि नियमांत इंटरेस्ट नव्हता. ते म्हणाले, "म्हणजे ते आजोबा आले नाहीत तर सायकली वाकड्याच राहतात?" म्हटलं, हो, म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी यावं लागतं. "मग ठीक आहे," म्हणाले.

मला वाटतं सगळा मुद्दा ह्यातच आहे. आपण "बिझी ठेवणं" म्हणतो तेव्हा डोक्यात खुळखुळा असतो, पोर रडतंय ना, द्या हातात काहीतरी. सुडोकू सोडवा, भजनी मंडळ, लाफ्टर क्लब. ह्यातलं काहीच वाईट नाही, पण तुम्ही एक दिवस सुडोकू सोडवलं नाही तर जगात कुणाचंही काहीही अडत नाही आणि हे सोडवणाऱ्यालाही पक्कं माहीत असतं. मराठीत ह्यासाठी फार चांगला शब्दप्रयोग आहे, कामाला येणं. माणूस कुणाच्या तरी कामाला येतो. आणि त्याचाच चुलत भाऊ आहे, कामाला लावणं. एका शब्दाचा फरक वाटतो, पण जपानमधल्या म्हाताऱ्यांचा सगळा प्रश्न ह्या दोघांच्या मध्ये कुठेतरी उभा आहे, आणि वाईट म्हणजे दोघांच्या अंगात जॅकेट एकच असतं.

आधी कामाला येण्याचं बोलू.

शिकोकू बेटावर कामिकात्सु म्हणून डोंगरातलं गाव आहे, वस्ती दीड हजाराच्या आसपास, त्यातले निम्मे पासष्टीच्या पुढचे. १९८१ च्या थंडीत तिथल्या संत्र्यांच्या बागा जळाल्या, गाव बसलं. शेती सहकारी संस्थेत तोमोजी योकोइशी नावाचा विशीतला पोरगा नोकरीला होता, बाहेरगावचा. तो ओसाकात सुशी खायला गेला असताना शेजारच्या टेबलावरच्या मुली ताटातलं मेपलचं लाल पान उचलून किती गोड किती गोड करत रुमालात गुंडाळून घेऊन गेल्या, आणि ह्याच्या डोक्यात आलं की हे तर आमच्या गावात ढिगाने पडलेलं असतं. गावात येऊन सांगितलं की आपण पानं विकू. लोक हसणारच. जपानी गोष्टींत तानुकी नावाचा एक लबाड प्राणी असतो, तो पानांचे पैसे करून माणसांना फसवतो, त्यामुळे पानांचे पैसे म्हणजे त्यांच्याकडे थापच. आपल्याकडे निदान दसऱ्याला एक दिवस तरी आपट्याचं सोनं होतं. तरी १९८६ मध्ये हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या बायकांना घेऊन ते सुरू झालं. पहिली पानं विकलीच गेली नाहीत, कारण कुठल्या ताटाला कुठलं पान, कुठल्या मापाचं, सीझनच्या किती आधी हे कुणालाच माहीत नव्हतं, मग हा पोरगा स्वतःच्या पैशाने महागड्या हॉटेलांत जाऊन ताटं बघत बसला.

आज तिथल्या सत्तरी-ऐंशीच्या आज्या सकाळी टॅबलेट उघडून बसतात, ऑर्डर आली की जी आधी बोट लावेल तिची. मग डोंगरउतारावर जाऊन मेपल, नानतेन, पर्सिमनची पानं तोडायची, एकही डाग नको, एका ट्रेमध्ये सगळी एका मापाची. स्क्रीनवर आपला विक्रीतला नंबर दिसतो, दुसरीचा दिसत नाही, पण आपण सातव्या आहोत म्हणजे वर सहा जणी आहेत आणि त्यातली एक ती वरच्या आळीची असणार हे काय सांगायला लागतं का. काहींनी वर्षाला एक कोटी येनपर्यंत मजल मारलीय. ह्यात मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे कुणी त्यांच्यावर उपकार करत नाहीये. क्योतोतल्या शेफला परवा संध्याकाळी पान पाहिजे म्हणजे पाहिजे. ऐंशी वर्षांच्या बाईवर कुणीतरी चिडू शकतं की माल वेळेत का नाही आला, माझ्या मते हा फार मोठा मान आहे.

मान वरून आठवलं, पुरुषांचं. जपानी भाषेत रिटायर झालेल्या नवऱ्याला "नुरे-ओचिबा" म्हणतात, ओलं गळालेलं पान. झाडूने कितीही झाडा, बुटाला चिकटून बसतं. बायको बाजारात निघाली की "मी पण येतो", मैत्रिणीकडे निघाली की "किती वाजता येणार, जेवणाचं काय?" दुसरा शब्द आहे "सोदाई गोमी", म्हणजे मोठा कचरा, जुनं कपाट, जुना सोफा, जो न्यायला पालिकेला वेगळा फोन करावा लागतो. हे शब्द बायकांनी चालवलेत हे उघड आहे. चाळीस वर्षं कंपनी हेच गाव आणि कंपनी हीच जात असलेला माणूस एका शुक्रवारी फुलांचा गुच्छ घेऊन घरी येतो आणि सोमवारी त्याच्या लक्षात येतं की आपल्याला शेजारच्याचं नाव माहीत नाही. म्हणून इथल्या पालिका चक्क वर्ग घेतात, त्याला "चिइकी डेब्यू" म्हणतात, आपल्या वस्तीत पदार्पण. ६३ वर्षांच्या माणसाला शिकवतात की नमस्कार करताना आपण पूर्वी कुठल्या कंपनीत कोण होतो हे सांगायचं नाही. ऐकायला विनोदी वाटतं पण आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या मीटिंगमध्ये "मी बँकेत चीफ मॅनेजर असताना" ने सुरू झालेली भाषणं आठवा, मग हा वर्ग किती गरजेचा आहे ते कळेल.

बायकांना हा वर्ग लागत नाही. जपानमध्ये नाही आणि आपल्याकडेही नाही. आईला इथे आल्याच्या चौथ्या दिवशी समोरच्या आजींनी मुळ्याचं लोणचं आणून दिलं होतं, आईने डबा रिकामा कसा परत करायचा म्हणून त्यात चकल्या घातल्या, आणि मग तो डबा तीन महिने ह्या घरातून त्या घरात फिरत राहिला, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. आई काही कधी रिटायरच झाली नाही, त्यामुळे तिला कुणी बिझी ठेवावं असा प्रश्नच कधी आला नाही. "आराम करा" हे वाक्यसुद्धा आपण फक्त पुरुषांना म्हणतो, नीट ऐका कधीतरी. बाबांना आमच्या कॉलनीत म्हणाले होते. त्यांनी पार्किंगचं वेळापत्रक आणि गाड्या कशा लावायच्या त्याचा नकाशा स्वतः पट्टीने आखून नेला होता, कमिटीतल्या पोरांनी फोटो काढला, छान छान म्हणाले आणि म्हणाले, "काका, तुम्ही कशाला त्रास घेता, आता आराम करा." प्रेमानेच म्हणाले असतील. तो कागद अजून कपाटावर आहे.

हारुओ ओबाता ह्या माणसाचं नाव जपानमध्ये सगळ्यांना माहीत आहे. ओइता भागातला मासेवाला, पासष्टीला दुकान बंद केलं आणि म्हणाला आता समाजाचं फेडायचं. २०११ च्या त्सुनामीनंतर मिनामीसानरिकुला जाऊन चिखलातून लोकांचे फोटो, अल्बम शोधून काढत बसला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये यामागुचीतल्या एका बेटावर दोन वर्षांचं पोरगं हरवलं, दीडशेच्या वर पोलीस, फायरवाले तीन दिवस शोधत होते. हे ७८ वर्षांचे गृहस्थ आपली छोटी व्हॅन घेऊन आले, सकाळी सहाला डोंगर चढायला लागले, कारण त्यांचा आधीच्या एका शोधातला अनुभव होता की लहान मूल उतारावर जात नाही, चढत जातं, आणि अर्ध्या तासात ओढ्याकाठच्या दगडावर बसलेल्या पोराने "बोकु, कोको" म्हणून ओ दिली, मी इथे आहे. पोलिसांच्या हातात द्यायला तयार नाहीत, म्हणाले आईला शब्द दिलाय, तिच्याच हातात देणार. घरच्यांनी आंघोळ करून जेवून जा म्हटलं तर नाही म्हणाले, स्वतःचा डबा स्वतः आणतात, व्हॅनमध्येच झोपतात. आता ह्याला कुणी बिझी ठेवलं होतं का? त्याला एक गोष्ट माहीत होती जी दीडशे तरुणांना माहीत नव्हती.

आणि आता दुसरं उदाहरण, जे मला जास्त अस्वस्थ करतं. त्याच २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुवीज प्रकल्पातल्या अपघातानंतर यासुतेरु यामादा नावाच्या ७२ वर्षांच्या रिटायर्ड इंजिनीयरने आपल्या वयाच्या लोकांना हाक दिली की प्लांटच्या आत कामाला आपण जाऊ. हिशोब एकदम कोरडा होता, रेडिएशनने कॅन्सर व्हायला वीस-तीस वर्षं लागतात, आपली उरलीत पंधरा, मग तरुण पोरांना कशाला पाठवायचं. दोनशेच्या वर लोक तयार झाले, वेल्डर, क्रेनवाले, इंजिनीयर. सरकारने आणि कंपनीने आभार मानले, आणि आत काही त्यांना कामाला घेतलं नाही. कारणं असतीलही, चक्कर येऊन पडले तर, जबाबदारी कुणाची वगैरे. पण सायकली सरळ करायला चालतात, पानं तोडायला चालतात, आणि जिथे खरंच त्यांचं वयच उपयोगाचं होतं तिथे "आजोबा, आपण कशाला त्रास घेता". म्हणजे जपानलाही "आता आराम करा" येतं बरं का, फक्त ते जास्त वाकून म्हणतात.

आता कामाला लावण्याकडे येऊ, कारण त्याशिवाय हे सगळं फॉरवर्डच झालं.

जपानमध्ये पासष्टीच्या वरचे लोक २९ टक्क्यांच्या पुढे गेलेत. त्यातले ९० लाखांहून जास्त लोक काम करतात, म्हणजे चारात एक, आणि हे सगळे काही सिल्व्हर सेंटरचे हौशी मेंबर नाहीत. रात्री अकराला बिल्डिंगखाली गार्ड, पहाटे चारला हॉटेलची सफाई, रस्ता खोदलाय तिथे लाल दिव्याची काठी हलवत उभा असलेला माणूस, नीट बघा, चेहरा सत्तरीचा असतो. दुकानदार, शेतकरी, छोटी-मोठी कामं करणारे, ज्यांना कंपनीची पेन्शन नाही, त्यांनी चाळीस वर्षं न चुकता हप्ते भरले तरी सरकारी पेन्शन महिन्याला ७० हजार येनच्या आसपासच येते, टोकियोत साध्या खोलीचं भाडं त्यात संपतं. पासष्टीवरच्या साधारण पाचात एक माणूस गरीब ह्या सदरात मोडतो, एकट्या राहणाऱ्या बायका त्यात सगळ्यात जास्त. कामाच्या जागी अपघात होऊन जे जखमी होतात किंवा मरतात त्यातले तीस टक्क्यांच्या आसपास लोक साठीच्या वरचे आहेत. आणि सिल्व्हरच्या मेंबरची तर अजून एक गोची आहे, कायद्याने तो नोकर नाही, म्हणून शिडीवरून पडला तर कामगारांचा विमा आपोआप लागत नाही, सेंटरने वेगळा काढलेला असतो तेवढ्यावर भागवायचं. वाटणीचे पैसे म्हणणं गोड आहे, पण शिडीला शब्दाचं काही कौतुक नसतं.

मग ओळखायचं कसं, कोण कामाला आलाय आणि कोण लावलाय? मला तरी एकच गोष्ट सुचते, तो माणूस "उद्या येत नाही" म्हणाला तर काय होतं ते बघा. सायकलवाल्या आजोबांच्या जागी दुसरे येतात आणि हे नातीच्या शाळेच्या खेळाला जातात. हॉटेलवाल्या आजी उद्या नाही म्हणाल्या तर त्यांचं वीजबिल राहतं. दोघांचेही फोटो काढून तुम्ही "जपानी वृद्धांची कार्यनिष्ठा" म्हणून फिरवू शकता, आणि फिरवतातच.

अजून एक तिसराच प्रकार आहे, मिन्सेई-इइन. प्रत्येक वस्तीत एक माणूस नेमलेला असतो, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे जाऊन येणं, कुणाची परिस्थिती बिघडलीय ते पालिकेला कळवणं. ह्याची मुळं १९१७-१८ मधली, ओकायामा आणि ओसाकातली. देशभरात दोन लाखांवर लोक आहेत, पगार शून्य, फक्त खर्च मिळतो, आणि करणारे बहुतेक सगळे स्वतःच साठी-सत्तरीचे. २०२४ मध्ये जपानमध्ये ७६ हजार माणसं घरात एकटी असताना मेली, त्यातली ५८ हजार पासष्टीच्या पुढची, हे पोलिसांचे आकडे आहेत. दार वाजवणारा माणूस किती महत्त्वाचा आहे ते ह्यावरून कळेल. पण आता हे पद घ्यायला लोक मिळत नाहीत, हजारो जागा रिकाम्या आहेत. का? कारण सरकारने कंपन्यांना सांगितलं की लोकांना ६५ पर्यंत कामावर ठेवा, मग २०२१ पासून सांगितलं की ७० पर्यंत प्रयत्न करा, आणि लोकांनाही पेन्शनची धाकधूक आहेच, त्यामुळे साठीला मोकळा होऊन वस्तीची कामं करणारा जो माणूस होता तोच आता सत्तरीपर्यंत ऑफिसात बसलाय. सिल्व्हर सेंटरचीही मेंबरसंख्या पूर्वीपेक्षा घटलीय आणि सरासरी वय सत्तरीच्या पुढे गेलंय. म्हणजे आपण ज्या जपानचं कौतुक करतोय ते हळूहळू विरळ होत चाललंय, आणि ते आळसामुळे नाही, पैशामुळे. फुकट काम करायलासुद्धा आधी पोट भरलेलं लागतं, हे लोकांना संस्कृती समजावणारे विसरतात.

म्हणून जेव्हा आपल्याकडे कुणी म्हणतं की ज्येष्ठांना पण असं कामाला लावलं पाहिजे, बघा जपान, तेव्हा मला विचारावंसं वाटतं की आधी पेन्शनचं बोला. ज्याला पेन्शन नाही त्याला इकिगाई शिकवणं हा चावटपणा आहे.

एक मात्र शिकण्यासारखं आहे. टोकियोतल्याच माचिदा शहरात २०१२ पासून एक डे केअर चालतं, तिथे स्मृतिभ्रंश झालेली माणसं दिवस घालवायला येतात, पण रंगकाम करत बसत नाहीत, होंडाच्या शोरूममध्ये जाऊन गाड्या धुतात. आणि त्याचे पैसे मिळतात, थोडेसेच, पण हातात. ते मिळावेत म्हणून ते चालवणाऱ्यांना सरकारी खात्याशी बरीच वर्षं वाद घालावा लागला, कारण नियमाप्रमाणे काळजी घेतला जाणारा माणूस कमावू कसा शकतो. काल काय जेवलो ते ज्याला आठवत नाही तो माणूस बोनेटवर पाण्याचा डाग राहिला म्हणून परत फडकं मारतो. आज मंगळवार आहे हे त्याला माहीत नसेल, पण गाडी अजून पुसून झालेली नाही हे माहीत आहे.

जपानी म्हाताऱ्यांत एक कोटी चालते, "क्योइकु" म्हणजे शिक्षण आणि "क्योयो" म्हणजे सुसंस्कृतपणा, म्हातारपणी दोन्ही पाहिजेत. पण तेच शब्द तोडून वाचले तर "क्यो इकु", आज जायला जागा, आणि "क्यो यो", आज करायला काम. बाबांना हे फार आवडलं, त्यांनी आल्यागेल्याला सांगितलं.

बाबांचंही इथे क्योइकु ठरलं होतं. मागच्या पार्कात सकाळी साडेसहाला रेडिओवरचा व्यायाम असतो, राजिओ ताइसो, १९२८ पासून चालू आहे, एक म्हातारे गृहस्थ ट्रान्झिस्टर बाकावर ठेवतात आणि पंधरा-वीस जण हात वर करतात. बाबा मागच्या रांगेत, बुचाच्या चपला घालून. मध्ये दोन दिवस सर्दीमुळे गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले तर ट्रान्झिस्टरवाल्यांनी दोन बोटं दाखवली, मग खोकल्याची ऍक्टिंग केली, मग भुवया उंचावल्या. बाबांनी घरी येऊन ती ऍक्टिंग आम्हाला पाच वेळा करून दाखवली. "दोन दिवस मोजले होते रे त्याने," म्हणाले. पुढच्या आठवड्यात ट्रान्झिस्टरच्या शेजारी पावसाचं पाणी साचायचं तिथे ह्यांनी रोज आधी जाऊन जुन्या टॉवेलने बाक पुसायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. पण परतायच्या आदल्या दिवशी तो टॉवेल त्यांनी रीतसर एका आजींच्या हातात दिला, चार्ज दिल्यासारखा.

परवा फोनवर बोलत होतो. म्हणाले, सहज स्टँडवर गेलो होतो, जुनी पोरं भेटली, काका बसा म्हणाली, चहा दिला.

"मग?"

"मग काय, चहा पिऊन निघालोच होतो तर एक बाई विचारायला लागली, दोन पोरं कडेवर, चिपळूणची कुठं लागंल. तिला सांगितलं तर मागून अजून दोघं. तासभर थांबलो."

"कुणी काही म्हणालं नाही?"

"काय म्हणणार. जॅकेट कुठं होतं अंगात. टोपी तेवढी होती."

म्हटलं, मग आता रोज जाणार का?

"उद्या नाही जमायचं," म्हणाले, "उद्या लग्न आहे. परवाचं बघू."